किडनीचा आजार असताना बाळाचा विचार करताय? या चुका टाळा

किडनीच्या ओपीडीत बीपी घेताना मी प्रत्येक तरुण बाईला विचारते, "शेवटची पाळी कधी आली?" काही जणी लाजतात. सोबत सासूबाई असल्या तर त्या माझ्याकडे बघत राहतात. तरी मी विचारतेच. नर्स म्हणून या कामात १८ वर्षं झाली आणि त्याच चार-पाच चुका अजून समोर येतात. बहुतेक चुका दिवस जायच्या आधीच टाळता आल्या असत्या, म्हणून जीव तुटतो.

सगळ्यात जास्त घात करते ती "रिपोर्ट नॉर्मल आहे" ही समजूत. २७ वर्षांची एक मुलगी, आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीतल्या गाळण्यांना सूज येणारा आजार), लग्नाआधीपासून आमच्याकडे यायची. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी कमी काम करायला लागली की हा आकडा वाढतो) १.०. पाचव्या महिन्यातही १.०च. लॅबच्या कागदावर १.१ पर्यंत नॉर्मल छापलेलं, त्यामुळे घरात सगळे निर्धास्त. पण गरोदरपणात किडन्या जवळजवळ दीडपट काम करतात, म्हणून धडधाकट बाईचं क्रिएटिनिन उतरून साधारण ०.४ ते ०.८ वर येतं. हिचं उतरलंच नाही, म्हणजे जास्तीचं काम उचलायची ताकद तिच्या किडन्यांत उरली नव्हती. कागदावर जो ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा गणिताने काढलेला आकडा, छापून येतो, तो तर या दिवसांत धरायचाच नसतो. ते गणित गरोदर बाईसाठी केलेलं नाही.

सातव्यात डोहाळजेवण झालं आणि ती माहेरी गेली. आमची फाईल सासरच्या कपाटात राहिली. तिकडे नवीन डॉक्टर, नवीन फाईल, जुनं कुणालाच माहीत नाही. पाय सुजले तेव्हा "या दिवसांत सुजतातच" म्हणून पायाखाली उशी दिली. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसायला लागली, चुड्याच्या बांगड्या हातात रुतायला लागल्या, तरी लघवी तपासली गेली नाही. ३१व्या आठवड्यात ती आमच्याकडे पोचली तेव्हा बीपी १७०/११०, क्रिएटिनिन १.९. लघवीत बुडवलेली पट्टी बघता बघता गर्द हिरवी झाली, प्रोटीन तीन प्लस. त्याच रात्री सिझेरियन. बाळ १३०० ग्रॅमचं, महिनाभर काचेच्या पेटीत होतं. बाळ वाचलं. आईचं क्रिएटिनिन १.६च्या खाली परत कधीच आलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकीला शंभर पानी वही करायला लावते. पहिल्या पानावर दिवस जायच्या आधीची तीन क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, बीपी आणि चालू गोळ्या. त्या पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाईलमध्ये. माहेरी जाताना वही पर्समध्ये ठेवायची, कपड्यांच्या बॅगेत नाही. घरी बीपी मोजायचं आणि १३५/८५च्या वर जायला लागलं की पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

दुसरी चूक गोळ्यांची, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. काही जणी पाळी चुकली की सगळ्याच गोळ्या बंद करतात. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार) असलेल्या बाईने तो आवरणारं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अझाथायोप्रिन मनाने थांबवलं तर आजार उसळतो आणि आई-बाळ दोघंही धोक्यात येतात. उलट, टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या पाचव्या महिन्यापर्यंत चालूच राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. या गोळ्यांनी पोटातल्या बाळाच्या किडन्यांवर परिणाम होतो, बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा देता येतात. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीने बाळात व्यंग येऊ शकतं. ते काही महिने आधीच बदलावं लागतं आणि नव्या गोळीवर आजार शांत राहतोय का, हे बघायला वेळ द्यावा लागतो.

इथेच घाई आडवी येते. "ताई, याच महिन्यात चान्स घ्यायचाय." ल्युपसचा किडनीवरचा आजार निदान सहा महिने शांत हवा. किडनी बदलली असेल तर निदान एक वर्ष थांबायला हवं. मी प्रत्येकीला हेच सांगते, हे महिने वाया जात नाहीत, बाळाची तयारी याच महिन्यांत होते. मेडिकलवाल्याला विचारून गोळी बदलणं आणि कुणीतरी दिलेला काढा घेणं मला अजिबात पटत नाही. त्यापायी बिघडलेल्या किडन्या मी पाहिल्या आहेत.

"तुला मूल होणारच नाही," असं घाबरवून सांगणं हीसुद्धा चूकच. अशा बायका ओरडा बसेल म्हणून दिवस गेल्याचं लपवतात आणि पोट दिसायला लागल्यावर येतात. बोस्टनमध्ये १९५६ साली जुळ्या बहिणीची किडनी मिळालेल्या एडिथ हेल्म यांना १९५८ मध्ये बाळ झालं. जोखीम किती, हे आजाराची पायरी, बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघून ठरतं, आणि ते तिला नीट समजावून सांगितलं पाहिजे.

पाळी अनियमित आहे म्हणून दिवस राहणार नाहीत, असं धरून चालू नका. तयारी होईपर्यंत साधन वापरा, कोणतं ते डॉक्टरांना विचारून.

प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होतो तो आजार) टाळायला कमी डोसची ऍस्पिरिन १२व्या आठवड्यापासून देतात. १६ आठवडे उलटून गेल्यावर विचारलंत तर उशीर होतो.

किडनीचं पथ्य म्हणून गरोदरपणात डाळ, दूध, अंडं स्वतःहून कमी करू नका.

लघवीची तपासणी जळजळ नसली तरी करायची.

बाळंतपणानंतर टाके दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका.

आणि बाळ हातात आलं की आईची वही बंद होते, याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, पुढे बाळाचं दूध, बाळाची झोप. किडनी त्याच काळात घसरली तरी दुखत काहीच नाही. एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी अंगावर पाजत असतानाही देता येते, ती कधी सुरू करायची हे विचारायलाही कुणी येत नाही. म्हणून मी आईची तपासणी बाळाच्या लसीला बांधून टाकली आहे. दीड महिन्याची लस ज्या दिवशी, त्याच दिवशी आईचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी. साडेतीन महिन्यांच्या लसीला पुन्हा तेच. तारखा वहीत आधीच लिहून देते, बाळाच्या शेजारी आईची. गेल्या आठवड्यात एकजण लस देऊन थेट आमच्याकडे आली. बाळ रडून रडून खांद्यावर झोपलं होतं. तिने ते आजीकडे दिलं, बाही वर केली आणि हात पुढे केला.