खडकावरचं नारिंगी शैवाक ओळखताना या चुका टाळा

लडाख-स्पितीकडे गेलात की उघड्या खडकांवर भडक नारिंगी गोल चकत्या दिसतात. त्यांत रुसावस्किया एलेगन्स हमखास भेटतं. मसाल्यातलं दगडफूल हे शैवाक, तसंच हेही. बुरशी आणि ट्रेबॉक्सिया नावाचं हिरवं शैवाल यांचा हा एकत्र संसार आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावरून नाव ठरवणं. हा नारिंगी रंग पॅरिएटिन या रंगद्रव्याचा. ते वरच्या थरात साठतं आणि प्रखर ऊन, अतिनील किरण अडवतं. म्हणूनच उन्हातली चकती लालसर नारिंगी, तर सावलीतली फिकट पिवळी असू शकते. दोन्हींची जात एकच! उलट सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर दिसणारा नारिंगी मखमली थर बऱ्याचदा ट्रेंटेपोलिया असतो. ते नुसतं शैवाल, शैवाक नव्हे.

मग लोक रासायनिक चाचणीकडे वळतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावणाचा थेंब टाकला की पॅरिएटिन लगेच गडद जांभळं-लाल होतं. तसं झालं नाही, तर आधी द्रावणाकडे बघा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते हळूहळू निकामी होतं, त्यामुळे जुनी बाटली भरवशाची नाही. नमुना ओला असेल तर द्रावण पातळ होतं, म्हणून चाचणी कोरड्या तुकड्यावर करा. थेंब काडीच्या टोकाएवढाच हवा आणि रंग भिंगातून पाहायचा. चकतीवर थेट ओतू नका, तेवढा भाग मरतो. हे द्रावण त्वचा आणि डोळे भाजतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवाच. ताज्या द्रावणानंही रंग पिवळाच राहिला किंवा जेमतेम लालसर झाला, तर कँडेलॅरिएलासारखा वेगळा गट तपासा.

आता रंग जांभळा झाला म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. इथेच घात होतो. पॅरिएटिन टेलोशिस्टेसी कुळातल्या कितीतरी जातींत असतं. चाचणी तुम्हाला कुळाच्या दारापर्यंत नेते, पुढचं काम आकाराचं. कडेच्या खंडांची, म्हणजे चकतीच्या काठावरच्या फाट्यांची, रुंदी मोजा. एलेगन्सचे खंड अरुंद, साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी रुंद आणि फुगीर असतात, तर झँथोरिया पॅरिएटिनाचे रुंद, पानासारखे. खंडांवर पिठूळ पुंजके दिसले तर रुसावस्किया सोरेडिएटाचा विचार करा. एलेगन्सवर ते नसतात, नारिंगी फळचकत्या (बीजाणू तयार करणाऱ्या छोट्या वाट्या) मात्र भरपूर असतात. कडेखाली पातळ पातं घालून बघा. खाली पांढरी साल दिसली तर एलेगन्स. साल नसून सगळा थर खडकालाच चिकटलेला असेल तर कॅलोगाया सॅक्सिकोलाकडे वळा. माझ्या मते ही एकच तपासणी सर्वांत जास्त गोंधळ मिटवते.

नावांनीही घोळ होतो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक यांनी १७९१ मध्ये याला लायकेन एलेगन्स म्हटलं, १८६० मध्ये ते झँथोरिया या वंशात गेलं आणि २००३ मध्ये शैवाक-अभ्यासक कोंद्राट्युक व कार्नेफेल्ट यांनी रुसावस्किया हा वंश मांडला. जुन्या याद्यांतलं झँथोरिया एलेगन्स ही वेगळी जात समजून दोनदा नोंदवू नका.

आणि नमुन्यासाठी अख्खी चकती खरवडू नका. ती वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते, त्यामुळे तळहाताएवढी चकती शंभरी ओलांडलेली असू शकते. कडेचा नखाएवढा तुकडा पुरतो, आणि संरक्षित क्षेत्रात तोही परवानगीशिवाय घेऊ नये.