इनो सेटअप वापरून पहिला इन्स्टॉलर तयार करताना

आपला प्रोग्राम आपल्या संगणकावर चालतो, कारण त्याला लागणारी प्रत्येक गोष्ट तिथे आधीपासूनच असते. दुसऱ्याच्या संगणकावर ती असेलच असे नाही, आणि ही उणीव भरून काढणे हेच इन्स्टॉलरचे खरे काम आहे. गृहनिर्माण संस्थेच्या पावत्या मराठीत छापणारा, पायथॉनमध्ये लिहिलेला विंडोज प्रोग्राम उदाहरणादाखल घेऊ. इन्स्टॉलरसाठी जॉर्डन रसेल यांचे इनो सेटअप हे साधन वापरू. ते १९९७ पासून उपलब्ध आहे, मोफत डाउनलोड करता येते आणि नवख्यालाही झेपते.

प्रथम पायइन्स्टॉलरने, म्हणजे पायथॉन प्रोग्रामपासून विंडोजवर थेट चालणारी ईएक्सई फाइल बनवणाऱ्या साधनाने, प्रोग्राम बांधून घ्यावा. त्यातून तयार होणाऱ्या ‘डिस्ट’ फोल्डरमध्ये ईएक्सई फाइलबरोबर तिला लागणाऱ्या इतर फाइलीही असतात, त्यामुळे नुसती ईएक्सई उचलून दिल्यास प्रोग्राम उघडत नाही. इनो सेटअपच्या विझार्डमध्ये, म्हणजे टप्प्याटप्प्याने माहिती विचारणाऱ्या खिडकीत, नाव आणि आवृत्ती क्रमांक भरावा, मुख्य फाइल दाखवावी आणि ‘अ‍ॅड फोल्डर’ने सगळा फोल्डर जोडावा, उपफोल्डरांतील फाइलीही घ्यायच्या का, या प्रश्नाला होकार द्यावा. शेवटी मिळणारी स्क्रिप्ट, म्हणजे इन्स्टॉलर कसा बनवायचा याच्या सूचनांची फाइल, जपून ठेवावी, कारण पुढची प्रत्येक आवृत्ती तिच्यातूनच काढायची असते.

त्या स्क्रिप्टमधील ‘अ‍ॅपआयडी’ ही ओळ सर्वांत महत्त्वाची. नवी आवृत्ती जुनीच्या जागी बसवायची की वेगळी, हे इनो सेटअप या ओळखक्रमांकावरून ठरवते. म्हणून एका प्रोग्रामसाठी तो कधीही बदलू नये, आणि जुनी स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोग्रामसाठी वापरताना मात्र ‘टूल्स’ मेनूतून नवा क्रमांक अवश्य तयार करून घ्यावा.

नवशिक्यांना सर्वाधिक त्रास होतो तो डेटाच्या जागेचा. ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्ये सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. पावत्यांची डेटाबेस फाइल तिथे ठेवली, तर प्रोग्राम उघडतो, पण पहिली पावती जतन करतानाच अडतो. ही फाइल इन्स्टॉलरमध्ये घालूच नये. प्रोग्रामने पहिल्यांदा सुरू होताना ती वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ फोल्डरमध्ये स्वतः तयार करावी, म्हणजे नवी आवृत्ती बसवताना जुन्या नोंदींना धक्का लागत नाही.

पावतीसाठी वापरलेला देवनागरी फॉन्टही समोरच्याकडे असेल असे गृहीत धरू नये. वितरणाची परवानगी असलेला फॉन्ट स्क्रिप्टच्या ‘फाइल्स’ विभागात जोडून ‘फॉन्टइन्स्टॉल’ हा पर्याय दिला, की तो इन्स्टॉलरबरोबरच बसतो.

इनो सेटअपमध्ये कंट्रोल आणि एफ९ दाबून स्क्रिप्ट कंपाइल केल्यावर तिच्यापासून बनलेला इन्स्टॉलर, म्हणजेच सेटअप फाइल, ‘आउटपुट’ फोल्डरमध्ये मिळते. तिची चाचणी स्वतःच्या संगणकावर घेऊन भागत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘विंडोज सँडबॉक्स’ चालू करता येतो. तो दर वेळी कोऱ्या विंडोजसारखा उघडतो आणि बंद करताच त्यातील सर्व काही पुसले जाते. तिथे आधी जुनी आवृत्ती बसवून एक पावती तयार करावी, मग सँडबॉक्स बंद न करता तिच्यावर नवी आवृत्ती बसवून ती पावती दिसते का ते पाहावे, आणि अखेरीस प्रोग्राम काढून टाकून मागे काय उरते तेही तपासावे. डिजिटल स्वाक्षरी नसलेली फाइल इंटरनेटवरून उतरवल्यास विंडोज अनोळखी प्रकाशकाचा इशारा दाखवू शकते. फाइल पाठवतानाच वापरकर्त्यांना याची कल्पना द्यावी.