हेडलाइट फडफडतो? बल्ब बदलण्याआधी अर्थिंग मोजा

ऊसतोडीचा हंगाम लागला की केज-अंबाजोगाई म्हणा किंवा परळी-गंगाखेड, रात्रीच्या रस्त्यावर मागे एकही दिवा नसलेली उसाची ट्रॉली कधी समोर येईल सांगता येत नाही. म्हणून लोक बाइकला बाहेरून एलईडी बल्ब नाहीतर रिले किट बसवून घेतात (रिले म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). मग आठ-पंधरा दिवसांत रडगाणे सुरू होते. ॲक्सिलरेटर सोडला की हेडलाइट मिणमिणतो, हॉर्न दाबला की दबतो, खड्ड्यात आदळला की क्षणभर जातो. दुकानातला सल्ला ठरलेला असतो: बल्ब बदला. बदलू नका. बहुतेक वेळा दोष बल्बात नसतो. बल्बाकडे येणाऱ्या किंवा तिथून बॅटरीकडे परत जाणाऱ्या वायरीत, म्हणजे अर्थिंगमध्ये असतो.

आधी बॅटरीच्या टोकांवर मीटर (मल्टिमीटर) लावा. गाडी बंद असताना 12.5 व्होल्टच्या आसपास आणि इंजिन थोडे रेस केल्यावर 13.8 ते 14.5 यायला हवेत. आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) गेला आहे. असल्या गाडीत कितीही भारी बल्ब टाका, तो उडणारच. 13 च्या खाली असेल तर चार्जिंग कमी पडते आहे. या दोन्हींपैकी काही असेल तर ते आधी दुरुस्त करा, मगच पुढे वाचा.

आता हेडलाइटला एसी मिळते की डीसी ते बघा. जुन्या 100 ते 125 सीसीच्या पुष्कळ गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या (इंजिनासोबत फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसीवर चालतो. त्याला साधा एलईडी लावला की तो फडफडतो, कारण प्रत्येक फेऱ्यात करंट शून्यावर येऊन जातो. 'चावी ऑन करा, लाइट लागली तर डीसी' हा सल्ला आता धरू नका. 1 एप्रिल 2017 पासून दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्ती आहे आणि त्यातल्या काही गाड्यांत डीसी असूनही इंजिन सुरू झाल्याशिवाय लाइट लागत नाही. इंजिन सुरू ठेवून, बल्ब जोडलेलाच ठेवून कपलरच्या (बल्बामागच्या वायरींच्या जोडणीच्या) मागच्या बाजूने मोजा. डीसी रेंजवर 13-14 आले तर डीसी. डीसीवर जवळपास शून्य किंवा उणे चिन्हासह काही व्होल्ट आणि एसी रेंजवर भरपूर, असे असेल तर एसी. स्वस्तातला पिवळा मीटर इथे फसवतो. डीसी असतानाही तो एसी रेंजवर दुपटीएवढा आकडा दाखवू शकतो. मीटरच्या वायरी उलट करा. आकडा नाहीसा झाला तर ती डीसीच.

एसीवाल्या गाडीत हेडलाइटच्या जुन्या वायरीवरून रिले चालवला तर रिले घर्रर्र वाजत राहतो. कोणी शहाणा मग सगळा हेडलाइटच बॅटरीवर टाकून देतो. असे करू नका. त्या गाडीचे चार्जिंग एवढ्या ओझ्यासाठी बनलेले नसते. 35 वॅटचा बल्ब जवळपास 3 ॲम्पियर खातो आणि बॅटरी 3 ॲम्पियर-तासांची असेल तर गावाबाहेर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर तासाभरात सगळे संपेल. अशा गाडीत चांगला हॅलोजन ठेवा.

इथून पुढचा टप्पा सगळ्यांत जास्त चकवतो. अर्थिंग बघायचे म्हणून बहुतेक मिस्त्री मीटर बीपवर (वायर जोडलेली आहे का एवढेच सांगणाऱ्या रेंजवर) ठेवतात, बीप वाजला की म्हणतात अर्थिंग ओके. हा बीप खोटा आहे. वायरीच्या वीसपैकी एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, कारण मीटर त्यातून काही मिलिॲम्पियरच पाठवतो. हेडलाइटला 3 ते 5 ॲम्पियर लागतात आणि ते त्या एका तारेतून जात नाहीत. म्हणून अर्थिंग नेहमी लाइट चालू ठेवून, व्होल्टवरच मोजा.

मीटर डीसी 20 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. इंजिन सुरू, हाय बीम चालू. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन बल्बाच्या अर्थ वायरीवर, कपलरच्या मागून. आकडा 0.2 च्या आत हवा. 0.8 किंवा 1 आला तर तेवढे व्होल्ट रस्त्यातच जळत आहेत. हॅलोजनमध्ये व्होल्टेज 10 टक्क्यांनी घसरले की उजेड साधारण 30 टक्क्यांनी घसरतो, म्हणून एक व्होल्ट ही किरकोळ गोष्ट नाही. आता हँडल पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे फिरवा, नजर मीटरवर ठेवा. आकडा उडी मारत असेल तर हँडलच्या मानेजवळ वायर आतून तुटली आहे. वरचे प्लास्टिक शाबूत असते, म्हणून डोळ्यांनी काहीच दिसत नाही. तिथे टेप गुंडाळून भागत नाही, तो तुकडा कापून नवी वायर घाला.

बाहेरच्या किटची काळी वायर सहसा हेडलाइटच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली दाबलेली सापडते. बोल्टाखाली रंग, ब्रॅकेट रबराच्या बुशांवर. मग करंट परत जातो तो स्टीअरिंगच्या ग्रीस लागलेल्या बेअरिंगमधून. वळताना फडफडण्याचे मूळ तिथेच असते. रंग खरवडून जागा साफ केली तरी काळ्या मातीची धूळ आणि वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा फवारा मिळून चार महिन्यांत पुन्हा गंज धरतो. माझे ठाम मत आहे: 1.5 चौरस मिमीची वेगळी काळी वायर थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची कडी) लावून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. दोन मीटर वायर लागते, पण मग ब्रॅकेट आणि बेअरिंगवर काही अवलंबून राहत नाही.

प्लस बाजूही अशीच मोजा. एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बाच्या प्लसवर, आकडा 0.5 च्या आत. जास्त आला तर फ्यूजच्या क्लिपा, रिलेचे पाय आणि कपलर एकेक करून बघा. जो हाताला गरम लागतो तोच गुन्हेगार. पाच पायांच्या रिलेत पायांजवळ आकडे छापलेले असतात, त्यात मधला पाय 87ए असतो. बल्बाची वायर चुकून त्यावर गेली की चावी काढली तरी लाइट जळत राहते. बल्ब 87 वर, बॅटरी 30 वर, फ्यूज 10 ॲम्पियरचा आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत. 90/100 वॅटचे बल्ब घेऊच नका, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर काळा पडतो.

जोड क्रिम्प करून (पक्कडीने दाबून) श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. काळी चिकटपट्टी इथल्या उन्हाळ्यात गोंद सोडते आणि जोड उघडा पडतो.

काम झाल्यावर गाडीवर बसून भिंतीसमोर लो बीम बघा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा खाली पडली पाहिजे. वर गेली असेल तर समोरून येणाऱ्याला काहीच दिसणार नाही. हेडलाइटचा स्क्रू फिरवून खाली आणा.