बारावीच्या अभ्यासासाठी डेस्कटॉप: २५ हजारांत काय घ्यावं, कसं तपासून घ्यावं

गेल्या वर्षी ताईनं भाच्यासाठी 'नवीन आय७' कॉम्प्युटर घेतला. काचेचा कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, वर वॉरंटीचं कार्ड. घरी सिस्टिमची माहिती उघडली तर प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, निघाला आय७-३७७०, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला. ज्यावर सगळे भाग बसतात तो बोर्ड नवा, प्रोसेसर जुन्या मशीनमधून काढून बसवलेला. दुकानदाराचं म्हणणं एवढंच, "आय७ मागितला, आय७ दिला." पै-पै जोडून घेतलेल्या वस्तूत असं फसायला नको, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी काम ठरवा. ऑनलाइन लेक्चर, पीडीएफ, टायपिंग, पायथन किंवा सी++, आणि सराव परीक्षा. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन कॉम्प्युटरवरच द्यावी लागते, आणि मोठ्या स्क्रीनवर माऊस धरून तीन तास बसायची सवय मोबाइलवर लागत नाही. यातल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दुकानात कुणी ते गळ्यात मारू लागलं तर सरळ नको म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: आकडा वाचायला शिका. आय३, आय५, आय७ या इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या नावांवर जाऊ नका, डॅशच्या पुढचं बघा. आय५-६५०० म्हणजे सहावी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी. पुढे पाच आकडे असतील, जसं आय५-१०५००, तर पहिले दोन घ्यायचे: दहावी पिढी. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी विंडोज ११ अधिकृतपणे, अगदी थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणून आपली रेघ आठव्या पिढीवर. आठव्या पिढीचा आय३ मिळाला तरी चालेल, तिसऱ्या पिढीचा आय७ नको.

या बजेटमध्ये असलं मशीन नवंकोरं मिळणं अवघड आहे. मी बिनधास्त सांगतो, ऑफिसमधून निघालेलं वापरलेलं मशीन घ्या. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर. कंपन्या काही वर्षांनी मशीनं एकगठ्ठा बदलतात आणि ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात येतात. दिसायला काळा ठोकळा, पण दिवसभर चालण्यासाठी बनवलेला. माझा हिशेब असा: मशीनला १४ हजार, स्क्रीनला ६, यूपीएसला ३, उरलेले २ हजार बारीकसारीक सामानाला.

दुकानात मशीन आधीपासून चालू ठेवलेलं असेल तर बंद करायला लावा आणि वायर काढून पाच मिनिटं थांबा. परत चालू केल्यावर तारीख-वेळ चुकली असेल तर आतला सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलाय. तो स्वस्तात मिळतो, तिथेच बदलून घ्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'परफॉर्मन्स'वर जा. सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, पानावर वर कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं, तोच तो आकडा. मेमरीच्या पानावर रॅम ८ जीबी हवी आणि 'स्लॉट्स यूज्ड' मध्ये एक तरी जागा मोकळी हवी, म्हणजे पुढे वाढवता येते. डिस्कपुढे 'एसएसडी' (न फिरणारी, वेगवान डिस्क) लिहिलेलं हवं, २५६ जीबी पुरते. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर चांगला प्रोसेसरही रडतखडत चालतो. सेटिंग्जमध्ये 'ॲक्टिव्हेशन' बघा, विंडोज ॲक्टिव्ह दाखवतंय ना. शेवटी वीस मिनिटं व्हिडिओ लावून ठेवा आणि पंख्याचा आवाज ऐका. घरघर वाढत गेली तर दुसरं मशीन मागा.

मागची बाजूही बघा. बऱ्याच ऑफिस मशीनना एचडीएमआय नसतं, डिस्प्लेपोर्ट असतं. तसं असेल तर कन्व्हर्टर तिथेच घ्या, नाहीतर घरी येऊन स्क्रीन काळी. वायफायसाठी यूएसबी डोंगल लागेल. कॅमेरा आणि माइकही डेस्कटॉपला वेगळे घ्यावे लागतात. अभ्यासापुरता मोबाइलचा हेडफोन चालतो.

स्क्रीनवर मात्र काटकसर नको. २२ इंची, फुल एचडी. मूल तासन्‌तास तिच्याकडेच बघणार आहे.

वीज जाणाऱ्या गावात ६०० व्हीए ताकदीचा यूपीएस हवाच; वीज गेल्यावर तो बॅटरीवर काही मिनिटं मशीन चालू ठेवतो, तेवढ्या वेळात फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद होतं. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर सॉकेटला अर्थिंग नाही असं समजा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये घुसवू नका, आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

बिलावर मशीनचा सीरियल नंबर आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, नुसतं 'आय५ सीपीयू' नको. पहिला आठवडा मशीन रोज चार-पाच तास चालवा. आतलं दुखणं असलं तर बरेचदा तेव्हाच बाहेर पडतं, आणि दुकानाची वॉरंटीही तेव्हा ताजी असते.

भाच्याचं ते मशीन परत घेतलं गेलं नाही. त्यात आम्ही एसएसडी घातली आणि विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकलं. लेक्चर, पीडीएफ, पायथन सगळं चालतंय. घरात असं जुनं मशीन पडून असेल, तर नवं घेण्याआधी एकदा हे करून बघा.