बायॉस फ्लॅश करून ‘लपलेले कोअर’ उघडत नाहीत
कोणी सांगितलं की बायॉस फ्लॅश केलं (म्हणजे ग्राफिक्स कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर बदललं) की कार्डातले लपलेले कोअर चालू होतात, तर आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून शेडर्सचा, म्हणजे त्या कोअरचा, आकडा बघा. एएमडीच्या वेगा ५६ कार्डावर वरच्या वेगा ६४ चं बायॉस टाकलं तरी शेडर्स ३५८४ चे ४०९६ होत नाहीत, फक्त मेमरीला व्होल्टेज जास्त मिळतं, वीज वापरायची मर्यादा (पॉवर लिमिट) वाढते, म्हणून कार्ड जरा जोरात पळतं आणि लोक त्यालाच अनलॉक म्हणत बसतात. अफवा अगदीच हवेतली नाही म्हणा, एएमडीच्याच २०१० च्या एचडी ६९५० मध्ये बऱ्याच कार्डांत खरंच १४०८ चे १५३६ व्हायचे, पण ते दिवस गेले. तरी हात शिवशिवत असतील तर मूळ बायॉस आधी पेनड्राइव्हवर सेव्ह करा, नाहीतर काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल.