उष्णतेचं समीकरण लहरींनी सोडवा

सळईतलं तापमान काळानुसार कसं बदलतं, हे सांगणारं हे समीकरण. मी शिकवताना त्याच्या उत्तराचं सूत्र आधी देतच नाही. सळई घ्या, लांबी पाय म्हणजे ३.१४१५…, दोन्ही टोकं शून्य अंशावर. एका टोकापासूनचं अंतर एक्स धरून सुरुवातीचं तापमान साइन एक्स, साइन दोन-एक्स, साइन तीन-एक्स अशा लहरींच्या बेरजेत मांडा. (फ्रेंच गणितज्ञ फूरिएनं १८०७ मध्ये हेच मांडलं, तेव्हा ज्येष्ठ गणितज्ञ लाग्रांजला पटलं नव्हतं!) समीकरणात तापमान बदलण्याचा वेग एक्सच्या संदर्भातल्या दुसऱ्या विकलनावर (बदलाच्या दराच्या दरावर) ठरतो, म्हणून आता दोनदा विकलन करा: साइन तीन-एक्सला फक्त उणे ९ चिकटतात, लहर तीच राहते. खरी गंमत इथेच. आंशिक विकलक समीकरण (एक्स आणि काळ दोन्हींनुसारचे बदल एकत्र असलेलं मूळ समीकरण) फुटून प्रत्येक लहरीला कालाचं एकेक साधं समीकरण मिळतं. सळईचा विसरण गुणांक (उष्णता किती झपाट्यानं पसरते तो आकडा) १ धरला, तर तिसरी लहर पहिलीच्या ९ पट वेगानं विझते, दहावी १०० पट. त्यामुळे टोकदार आलेखही लगेच गुळगुळीत होतो. उरलेल्या लहरी परत मिळवा, उत्तर हातात. काळ मात्र उलटा चालवू नका. दहाव्या लहरीतली बारीकशी चूकसुद्धा बघता बघता राक्षस होते.