कर्ण १३, बाजूंत फरक ७: बाजू कशा काढायच्या?

काटकोन त्रिकोणाचा कर्ण १३ सेमी आहे. उरलेल्या दोन बाजूंपैकी एक दुसरीपेक्षा ७ सेमीने मोठी आहे. दोन्ही बाजू काढा.

आधी कच्ची आकृती. पट्टी नसली तरी चालेल, पण काटकोनाची खूण हवीच, आणि १३ हा आकडा त्या खुणेच्या समोरच्या बाजूवर. तो दुसरीकडे पडला की पुढचे सगळे गणित वाया.

लहान बाजू क्ष माना, म्हणजे मोठी क्ष + ७. मोठीला क्ष मानले तरी उत्तर येते, फक्त उणे चिन्ह सांभाळत बसावे लागते. पायथागोरसच्या प्रमेयानुसार,

क्ष² + (क्ष + ७)² = १३²

बहुतेकांचे गुण इथेच जातात. कंसाचा वर्ग घाईत क्ष² + ४९ असा लिहिला जातो आणि मधले १४क्ष गळते. पटत नसेल तर क्षच्या जागी १ घालून बघा: ८ चा वर्ग ६४, पण १ + ४९ होतात ५०. कमी पडलेले १४ म्हणजेच ते गळालेले पद.

२क्ष² + १४क्ष + ४९ = १६९
२क्ष² + १४क्ष − १२० = ०
क्ष² + ७क्ष − ६० = ०

शेवटच्या ओळीत २ ने भागताना १२० तसाच राहून जातो, तिकडे लक्ष असू द्या.

आता अवयव. गुणाकार −६०, म्हणून एक संख्या अधिक, एक उणे. बेरीज ७, म्हणून आकड्यांतला फरक ७. ६ आणि १० मध्ये फरक ४, जमत नाही. ५ आणि १२ जमतात, मोठ्याला अधिक चिन्ह:

(क्ष + १२)(क्ष − ५) = ०

क्ष = −१२ किंवा ५. लांबी ऋण नसते, हे कारण लिहूनच −१२ सोडा. बाजू ५ सेमी आणि १२ सेमी. (−१२ घेतले तर क्ष + ७ येते −५. आकडे तेच, चिन्हे उलटी!)

ताळा समीकरणात नको, उदाहरणाच्या वाक्यात करा, कारण मांडणीच चुकली असेल तर त्या समीकरणात उत्तर बसणारच. १२ − ५ = ७; २५ + १४४ = १६९.

पुढे कर्णावरचा लंब विचारला, तर क्षेत्रफळ दोन रीतींनी मांडा: ५ × १२ = १३ × लंब. लंब ६०/१३, साधारण ४.६ सेमी. तो ५ पेक्षा मोठा आला तर भागाकार पुन्हा तपासा.